आवाजाचं चाक

"हाकेला ओ देईल तर शपथ! सदा कानांवर हेडफोन नि सदा टीव्हीवर हॉकी!" कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेली अर्डिस नवऱ्यावर करवादली. शेजारी म्हाताऱ्या थेल्माबाई बसल्या होत्या.

"हॉकी तरी कुठे ऐकू येते?" क्लिफर्ड म्हणाला. "सामना रंगात आला की आवाज विझतो. कान गेले माझे. चर्चच्या गाण्यातूनही नाव काढून घेतलं."

"विझतो म्हणजे?" थेल्माबाईंनी मधेच तोंड घातलं.

"बारीक होत होत बंदच पडतो, मावशी. मग हिचं बोलणं ऐकू येतं."

"हिचं येतं?"

"अगदी स्पष्ट! कचरा टाकलास का, मेहुण्याला फोन केलास का..."

"वायर जुनी असेल."

"छे, नवी कोरी. हिनेच आणली. मधे आवाजाचं चाक आहे, कमी-जास्त करायला."

"ते चाक असतं कुठे?"

"हिच्या खुर्चीच्या हातावर. वायर तिथूनच जाते ना."

"क्लिफर्ड, गप्प बस!"

"आणि हिचं बोलून झालं की?"

"की आवाज परत! चमत्कारच, नाही?"

थेल्माबाई अर्डिसकडे वळल्या. "बाई, हा रविवारी चर्चमध्ये गाणार. आणि नंबर आला की डॉक्टरांना तुझी बोटं दाखव."