ओट्यावरची मावशी

आमच्या सखूमावशीचं ऐका. ती कन्नडहून मेथी आणून शहरात रस्त्याकडेला विकायची. अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसली की टोपली उचलून पळायची. यंदा महापालिकेनं शेतकऱ्यांसाठी बाजारात ओटे बांधले, त्यातला एक मावशीला मिळाला. पहिल्याच दिवशी तीच गाडी ओट्यासमोर थांबली अन् मावशी सवयीनं टोपली घेऊन सुटली. तिच्यामागं गाडीतले साहेब पळत सुटले. "मावशी, थांबा. तुम्हाला ऊन लागतं म्हणून वर पत्रे टाकायला आलोय."

मावशी थांबली, पण तिला लई धाप लागली होती. म्हणाली, "मग आधी सांगायचं ना, बाबा. आता टोपली तूच ने."

साहेबांनी टोपली डोक्यावर घेतली. मागून मावशी सांगत होती, "हळू चाल, मेथी कोवळी हाय."