व्हिएन्नाचे आठ दिवस

(जवाहरनगर, फॅक्टरीच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. १९८४ चा मार्च, दुपारची वेळ. ललिताबाई सुपात तांदूळ पाखडते आहे. बारा वर्षांची शकुन मांडीवर वही घेऊन तिच्यासमोर बसली आहे.)

ललिताबाई : पुन्ना सांग. नाव?

शकुन : शकुन तेजराम लांजेवार.

ललिताबाई : बाप काय करते?

शकुन : ऑर्डनन्स फॅक्टरीत चार्जमन आहे.

ललिताबाई : भाऊ किती?

शकुन : दोन. देवा अन् मोहन.

ललिताबाई : सख्खे?

शकुन : सख्खे.

ललिताबाई : अन् व्हिएन्नाच्या घराचं दार उघडून जो मानूस समोर येईन, कोटवाला, तो कोन तुहा?

शकुन : ...काका.

ललिताबाई : थांबली काहून?

शकुन : थांबली नाही, मोठी माय. घोट गिळला.

ललिताबाई : काय म्हनली?

शकुन : घोट गिळला म्हटलं.

ललिताबाई : त्याच्या आंधी काय म्हनली?

शकुन : चुकून निघालं. माय. माय म्हणते आता. पाहा, माय, माय, माय.

ललिताबाई : आता दहा खेप म्हनशीन. तिथी एक खेप निसटलं तं त्या कोटवाल्या हिराचा संसार मोडन. वाच वही. काय काय उरलं?

शकुन : पहिला दिवस, विमानातून उतरून आराम. दुसरा दिवस, राजाचा महाल. त्यात चौदाशे खोल्या आहेत. तिसरा दिवस, मोठा पाळणा. तो तुम्ही परवा कापला. चौथा दिवस चिडियाघर, तेही काल कापलं. पाचवा दिवस, ट्राममधून सारं शहर. सहावा, नदीतली बोट. सातवा, बाजार. देवाले बूट, मोहनले चॉकलेट.

ललिताबाई : अन् आठवा?

शकुन : आठवा रिकामा आहे.

ललिताबाई : कायले रिकामा? लोकं एवढ्या दूर जाऊन रिकामे बसतेत?

शकुन : ते म्हणाले तं... त्यांच्यासंग पायी फिराले. दोघंच.

ललिताबाई : ते म्हंजे कोन?

शकुन : काका.

ललिताबाई : बोट काप.

शकुन : नको न! आता नाही चुकली मी.

ललिताबाई : मोठी माय म्हनली त्याची बोट. काकूले म्हनतेत मोठी माय. घे पेन. आपल्याच हातानं रेघ मार. बोटीवर देवा-मोहन येतीन आमच्यासंग, तू हिराच्या त्या गोऱ्या बायकोच्या घरी भांडे पुसत बसशीन.

शकुन : ...मारली.

ललिताबाई : अन् दुसरी गोष्ट. मायले तू म्हनाचं. सख्ख्या मायले कोनी तुमी म्हनत नाही.

शकुन : त्या बाईले तू अन् तुम्ही थोडंच समजते?

ललिताबाई : मले समजते.

शकुन : बरं. तू... माय, तुले एक विचारू? तिले काहून नाही सांगत? मी काही तिचं घर खात नाही. आठच दिवस तं आहेत.

ललिताबाई : लगनाच्या टायमाले हिरानं लिहून देल्लं तिले, का माहं पह्यलं लगन झालं नाही, लेकरूबाळ नाही. आता बारा वर्साची पोरगी कुठून उगोली म्हनाचं? त्यात तिनं आपल्या भाषेतले वीसपंचवीस शब्द शिकले. "बाबा" त्यात हाय, "काका" बी हाय. नाहीतं मले काय हौस पडली तुह्या तोंडाले लगाम लावाची?

शकुन : तो वकिलाचा कागद... तो फक्त पासपोर्टसाठी आहे न?

ललिताबाई : दत्तकाचा कागद हाय तो. हिरानं तिकडून सही करून पाठोली, भंडाऱ्याच्या वकिलानं शिक्का मारला. त्या कागदानं तू आता माही पोरगी होय. तेवढं तोंडात बसाचं राह्यलं.

शकुन : पण परत आल्यावर...

ललिताबाई : परत आल्यावर काय? चवदा महिन्याची होती तू, तुले जनम देनारी गोदा मेली तवा. हिरा करडीवरून यश्टीनं तुले घेऊन आला अन् माह्या ओटीत टाकून म्हने, दोन महिने सांभाळ, वहिनी. अकरा वर्स झाले त्या दोन महिन्याले. गोवर मी काढला तुहा. उवा मी मारल्या. पाटी मी घेऊन देल्ली. अन् फोटो कोनाचा ठेवला भूगोलाच्या पुस्तकात? त्या हिराचा. मले मालूम नाही वाटते?

शकुन : फोटोच तं आहे.

ललिताबाई : जाळ म्हनलं तं जाळशीन?

शकुन : व्हिएन्नाले जाच्या आंधी?

ललिताबाई : आत्ता.

शकुन : ...अन् नाही जाळला तं?

ललिताबाई : तं महाल काप, ट्राम काप, बाजार काप. मंग रिकामाच रिकामा.

शकुन : आणते.

ललिताबाई : आन. शेगडी पेटलीच हाय.

शकुन : एक कोपरा उरला, माय. त्यात चप्पल दिसते फक्त. ठेवू?

ललिताबाई : काय करतं चपलेचं? टाक.

शकुन : टाकला.

ललिताबाई : येडी. मी तं पाहून राहिली होती, जाळते का नाही म्हनून. डोये पूस. आन ते वही, बोटीवरची रेघ खोड. नेईन तुले बोटीवर.

* * *

शकुन : माय! पोस्टमन येऊन गेला. निळं पाकीट आहे, तिकडचं!

ललिताबाई : फोड. वाच लवकर.

शकुन : बाबा ड्यूटीवरून आल्यावर वाचू.

ललिताबाई : पाच वाजेलोक कोन थांबते? अकरा रोज झाले तुही जीभ घसरली नाही. आज तुह्याच तोंडून आयकते. वाच.

शकुन : "आदरणीय दादा व सौ. वहिनी यांना साष्टांग नमस्कार. आपण स्टुडिओत काढून पाठवलेला सर्वांचा फोटो मिळाला. बारा मेच्या विमानाची तिकिटं काढली आहेत. इथे तेव्हा थंडी कमी असते, तरी मुलांना स्वेटर असू द्यावेत."

ललिताबाई : बारा मे! अक्षय्य तृतीया झाल्यावर जाऊ म्हंजे. मंग?

शकुन : थांब, माय, पाहू दे.

ललिताबाई : काय झालं? अक्षर नाही लागत?

शकुन : लागते. "हेल्गाने फोटो पाहिला. तिला... तिला मुलं फार आवडली."

ललिताबाई : आवडतीनच. मंग?

शकुन : "शकुन किती मोठी झाली. तिला नक्की आणा. मी स्वतः विमानतळावर येईन. तिला मोठा पाळणा दाखवीन. आठव्या दिवशी मी सुट्टी घेतली आहे, तेव्हा... तेव्हा शकुनला घेऊन मी पायी फिरेन."

ललिताबाई : हिरानं लिहिलं असं?

शकुन : हो.

ललिताबाई : त्याचे बाप, आपले मामाजी वारले तवा तीन ओळीचं कारड आलं होतं त्याचं. त्यातली एक ओळ हवापान्याची होती.

शकुन : तिकडं राहून माणूस बदलत असन.

ललिताबाई : असन बाप्पा. पाळन्याचं पुन्ना वाच.

शकुन : "शकुनला मोठ्या पाळण्यात बसवीन."

ललिताबाई : आंधी "दाखवीन" म्हनली.

शकुन : दोन्ही आहे लिहिलेलं.

ललिताबाई : आन तो कागद इकडं.

शकुन : तुले कुठं वाचता येते?

ललिताबाई : नाही येत. पन तुह्या वह्यांवर, पाटीवर, त्या दत्तकाच्या कागदावर पाहून पाहून एक नाव मले वयखू येते. शकुन. तीन खेप घेतलं न तू आता ते नाव? कुठी हाय दाखव याच्यात. बोट ठेव. कुठी हाय?

शकुन : त्यांनी ते इंग्रजीत लिहिलं आहे.

ललिताबाई : बरं. येऊ दे तुह्या बापाले. त्याले इंग्रजी येते.

* * *

तेजराम : चहा तं पिऊ दे, ललिता. सायकल टेकवली नाही का पत्र, पत्र.

ललिताबाई : चहा मांडला हाय. तुमी आंधी वाचा. मनात वाचा, मंग बोला.

तेजराम : तिकीट झाले? वा. बारा मे. साहेबाले सुट्टीचा अर्ज उद्याच... अरे.

ललिताबाई : काय?

तेजराम : अरे राम. हिरा, हिरा. शकुन, बेटा, जरा बाहेर जा बरं. पोरं कुठी खेळून राहिले पाहून ये.

ललिताबाई : कुठी नाही जात ते. दुपारी तिनंच वाचलं हे पत्र मले.

तेजराम : वाचलं? सारं?

ललिताबाई : गोड गोड वाचलं. पाळन्यात बसवीन, पायी फिरवीन. माह्याच घरात मले अडानी समजून येडी बनवलं. आता खरं वाचाचं, माह्यासमोर. घे.

तेजराम : जाऊ दे न. मी सांगतो तुले थोडक्यात, लेकरू आहे ते.

ललिताबाई : तुमी बोलू नोका. वाच वं. खाली बसून नाही, उभी राहून.

शकुन : "दादा, एक अडचण झाली आहे. हेल्गाने फोटो पाहिला आणि हसून म्हणाली, मधे उभी असलेली ही मुलगी अगदी तुझ्यासारखी आहे, हनुवटीसुद्धा. मी म्हटलं, घराण्याचा चेहरा आहे."

ललिताबाई : जोरानं.

शकुन : "पण तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. समोरासमोर दोघांना पाहिलं तर तिला कळल्याशिवाय राहणार नाही. त्या मुलीला आणू नका. तिचं तिकीट मी काढलेलं नाही. तब्येतीचं किंवा दुसरं काही कारण तिला सांगा. लहान आहे, विसरेल."

ललिताबाई : झालं?

शकुन : एक ओळ आहे. "दत्तकाचा कागद मात्र तसाच राहू द्या, म्हणजे पुढे कधी प्रश्न यायला नको."

तेजराम : भेटलं समाधान? वाचून घेतलं न? मी म्हणतो, कोणीच नाही जाऊ. लिहून देतो त्याले, तुहा पाळणा तुह्यापाशीच ठेव.

ललिताबाई : काहून नाही जाऊ?

तेजराम : काहून म्हंजे? या लेकराले ठेवून?

ललिताबाई : देवा-मोहननं काय पाप केलं? तुमी दोन महिने फॅक्टरीत परवानगीसाठी साहेबाच्या मागं मागं फिरले. साऱ्या कॉलनीत सांगून झालं. माहे स्वेटर विनून झाले. मी चवतीस वर्साची हाय. करडी पाह्यली, भंडारा पाह्यला अन् हे क्वार्टर पाह्यलं. अजून काय पाह्यलं मी? हिरानं नाही म्हनलं हिले. मी थोडंच म्हनलं.

तेजराम : मग हे कुठी राहीन?

ललिताबाई : करडीले, तुमच्या बहिनीपाशी, बेबीबाईपाशी. आठ रोजाचा तं सवाल हाय.

तेजराम : हो... आठ दिवस तं असेच जातेत, बेटा. फिकर नको करू. तुह्यासाठी काय आणू तिकडून?

शकुन : काही नको. मी देवाले वही देऊन देते. ट्रामचे नंबर आहेत त्यात. त्याले इंग्रजी लागत नाही, मी मराठीत लिहून देईन.

तेजराम : पाह, कशी समजदार आहे.

ललिताबाई : देच. अन् त्या रेघा साऱ्या खोडून टाक. पाळना, चिडियाघर. आता पोराईले सारंच पाहाचं हाय.

शकुन : खोडते.

ललिताबाई : अन् तो रिकामा दिवस हाय तिथी बाजार लिही. एका दिवसात बाजार होत नाही.

शकुन : लिहिलं.

तेजराम : बस झालं, ललिता. आण तो कागद, हिराले उत्तर लिहून टाकू आजच. शकुन, तुहं अक्षर चांगलं आहे, तूच लिही. लिही, पत्र पोचलं, आम्ही चौघं येतो.

शकुन : "...आम्ही चौघे येतो."

तेजराम : स्वेटर घेतले आहेत, अन् इकडून काय आणाचं ते कळव. अन् मग... अन् मग खाली तू आपलं लिही. तुह्या मनात जे आहे ते. आम्ही नाही पाहत. लिही, काय शिव्या द्याच्या असन तं शिव्या दे. बाप आहे तो तुहा.

ललिताबाई : पत्र त्या बाईच्या हाती लागलं तं?

तेजराम : लागू दे! हिले एकदा तं बोलू दे.

शकुन : झालं लिहून.

तेजराम : एवढ्या लवकर? वाचू?

शकुन : मीच वाचते. "काकांना माझा नमस्कार. काकूंनाही सांगावा. आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. आपल्या दादांची मुलगी, शकुन."

तेजराम : हेच लिहाचं होतं तुले, बेटा?

शकुन : पाकिटात घाला, बाबा. उद्या दहाच्या आंधी टपाल निघते.