सासऱ्यांची देणगी

—अहो, त्या स्टुलावर नका बसू मॅडम, त्याचा पाय लंगडा आहे, या खुर्चीवर बसा! फोन केला आणि अर्ध्या तासात तुम्ही हजर – मला वाटलं होतं, झेरॉक्सवालीच्या फोनवर कोण पत्रकार येतंय! वेड लागलंय का बाईला, असंच वाटलं असेल ना? लागलंयच. चार वर्षं झाली. आमचे आमदार या कोपऱ्यावर उभे राहून म्हणाले होते, सहा महिन्यांत गटार झाकून देतो – आता गटारात बेडकांची तिसरी पिढी नांदतेय. तेव्हापासून दर तिमाहीला निवडणूक कचेरीत अर्ज टाकते, आमदारांना कुणीकुणी देणगी दिली त्याची यादी आणते आणि ही बघा, इथे भिंतीवर लावते. डावीकडे देणारा, उजवीकडे त्याला काय मिळालं. खडीवाल्याने मार्चमध्ये दिली, मेमध्ये रस्त्याचं कंत्राट! कसं, आहे की नाही? गिऱ्हाइकं कामं सोडून हेच वाचत उभी राहतात. नवरा म्हणतो, लष्कराच्या भाकऱ्या भाजणं बंद कर. मी म्हणते, भाजणार!

पण आजची गंमत ऐका. नव्या यादीत एकेचाळीस माणसं, सगळ्यांची देणगी सारखी, तारीख एकच – आणि सतराव्या नंबरावर कोण? माझे सासरे! हसू नका – नाही, हसा, मी सकाळपासून हसतेय. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन! आणि जिवंतपणी उष्ट्या हाताने कावळा न हाकणारा माणूस, वर जाऊन आमदारांना देणगी देतोय! पुढे आमचा शिंपी. त्याला विचारलं, तर म्हणतो, ताई, आमदारांनी माझ्याच दोन सदऱ्यांची शिलाई दिलेली नाही अजून. मग सुईणबाई, मग तो घड्याळवाला, एकालाही पत्ता नाही. कळलं ना? पैसा कुणा बड्या धेंडाचा, नावं आपल्या गरिबांची! उद्या शाळेच्या सभागृहात आमदारांची सभा आहे, तिथे उठून विचारणार आहे मी – माझ्या सासऱ्यांना पावती कुठल्या पत्त्यावर पाठवलीत?

पुरावा? आहे ना! प्रत्येक नावामागे ओळखपत्राची कॉपी जोडलीय – हा गठ्ठा, आत्ता तासाभरापूर्वी कचेरीतून आणला, नीट उघडलासुद्धा नाही, आधी तुम्हाला फोन फिरवला. थांबा, तुम्हाला एक सेट काढून देते. पैसे? अहो, पैसे कसले घेता... म्हणजे, देता! बघा, जीभसुद्धा नाचतेय माझी. हे सासरे. हा शिंपी. ही – काय? ही काळी रेघ? होय की, सगळ्यांवर आहे, उजव्या कडेला. अहो, ती मशीनच्या आतल्या ड्रमची. ड्रमला ओरखडा गेला की अशी रेघ येते. गेल्या वर्षी माझ्याही मशीनला दोन महिने येत होती, अगदी इथेच, कडेपासून बोटभर आत. मग काय करायचं, काचेवरचा कागद सरकवून, रेघ चुकवून गिऱ्हाइकाला दुसरी चांगली कॉपी द्यायची आणि ही ठेवायची आपल्याकडे – टाकत नाही आम्ही, पाठकोरा कागद कामाला येतो. माझा धाकटा भाऊ नेतो की गठ्ठेच्या गठ्ठे. आमदारांच्या ऑफिसात लागलाय ना तो, मीच हातापाया पडून चिकटवलं त्याला, पहिल्यांदाच कुठे टिकलाय पोरगा – तो म्हणाला, ताई, तिकडे कच्च्या लिखाणाला कागद...

...

घर नावावर करायचं होतं. सासऱ्यांच्या ओळखपत्राची कॉपी मीच काढली होती. याच मशीनवर.

तुम्ही काय लिहिताय? नाही, यादीचं लिहा, यादी सरकारी आहे, कुणालाही मिळते. हे दुसऱ्या पानावर काय लिहिलंत? भाऊ? कुणाचा भाऊ? मी म्हणाले? मला भाऊच नाही, मॅडम. एकुलती एक आहे मी. तो गठ्ठा ठेवा इकडे. उद्याच्या सभेचं – बघू. उठा आता, मला शटर ओढायचंय.