ठिबकचे बारा व्हिडिओ

सिन्नरच्या बसच्या रांगेत शुभांगीच्या पुढे एक वयस्कर शेतकरी आणि त्यांची नोकरदार मुलगी उभे होते.

"अण्णा, तुमचे ठिबकचे बारा व्हिडिओ मी कंपनीच्या ऑनलाइन मदतपुस्तिकेतून बाहेर काढले."

"का गं? फिल्टर धुताना चुकलो का मी?"

"नाही हो. पुस्तिकेत एक शब्द सुधारला तरी कॉम्प्युटरवर सगळी नव्यानं तयार करावी लागते. दर वेळी बाराही व्हिडिओ परत कॉपी व्हायचे. पाऊण तास जायचा."

"म्हंजी टपरीवर चहाला जाताना कपाट डोक्यावर घ्यायचं."

"तसंच. आता व्हिडिओ सर्व्हरवर ठेवलेत, पुस्तिकेत नुसती लिंक. दोन मिनिटांत होतं."

"मी दिसतो ना पण?"

"दिसता की."

"आन् शेवटी मी तुला 'जेवली का' म्हणतो, ते?"

"अकरांतलं कापलं. बाराव्यातलं राहून गेलं. आता शेतकऱ्यांचा फोन आला, की आधी विचारतात, पोरगी जेवली का."

"मग काय सांगते?"

"सांगते, अजून नाही."

"आज?"

"अजून नाही."

अण्णांनी पिशवीतून डबा काढला आणि मुलीला बाकाकडे नेलं. बस लागली, तेव्हा शुभांगीने पुढच्या दोन सीटवर आपली ओढणी टाकली.