बंद पेटी की भोकाची?

नातू हर्षद "पेटी आणू" म्हणाला, म्हणून गजाबुवा खुशीत खोपोलीच्या दुकानात आले. भजनाची त्यांची जुनी पेटी भाता फाटून मुकी पडली होती.

"बंद पेटी देऊ की भोकाची?" दुकानदाराने हर्षदला विचारलं.

"बंद पेटी वाजंल कशी रं? भाता कुठं हाय?" बुवा मध्येच बोलले.

"भाता नाय बुवा, ॲम्प्लिफायर लागतो. बंद पेटीत बास ठोस, भोकाच्या पेटीत घुमतो," दुकानदार म्हणाला.

"काळी दोनचा सूर हाय ना?"

"आबा, गप बसा. गाडीच्या डिकीत बसवायची हाय ती."

"डिकीत? मग वाजवणारा कुठं बसंल?"

"वाजवणारा लागत नाय. स्पीकरची पेटी ही, आपोआप वाजते."

"आन् उद्याच्या भजनाला रं?"

"देवळापुढं गाडीच लावतो की!"

बुवा उठले.

"लाव. टाळ बी तिच्याच हातात दे."