शेऱ्याच्या रकान्यातला मुकेश

जबाब
दिनांक १२/०२/२०२६, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे

माझे नाव सौ. सुनिता लाहू धोडी, वय ३९ वर्षे, धंदा आशा कार्यकर्ती, शिक्षण बारावी, राहणार वडाचा पाडा, ता. तलासरी, जि. पालघर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात, कोणी बोलावले नसताना स्वतःच्या पायाने येऊन, विचारल्याप्रमाणे लिहून देते की, वरील पत्त्यावर मी पती लाहू व दोन मुलींसह राहते. माझे माहेर त्याच पाड्यात सहा घरे पलीकडे आहे. तेथे माझी आई हिरी बाबल्या वरठा व धाकटा भाऊ मुकेश बाबल्या वरठा, वय २९, असे दोघे राहतात. वडील हयात नाहीत.

मुकेशने मागील महिन्यात पासपोर्टसाठी अर्ज केला आहे. पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळाची मोठी स्पर्धा मे महिन्यात व्हिएतनाम देशात आहे. तिचा प्रवेश त्याने गोव्यातील एका स्पर्धेत जिंकलेला आहे. पडताळणीच्या वेळी हवालदार साहेबांना आमच्या पाड्याच्या व्यसनमुक्ती यादीत मुकेशचे नाव 'जुगारी' म्हणून आढळले. अहवाल विरुद्ध गेला तर पासपोर्ट अडकेल, असे साहेबांनी त्याला सांगितले. ती यादी माझ्या सर्वेक्षणाच्या रजिस्टरवरून तयार झालेली आहे. नोंद माझ्या हातची आहे. त्या नोंदीबाबत मला सांगायचे आहे.

माझे काम घरोघर जाऊन माहिती भरण्याचे आहे. नाव, वय, धंदा, आजार, तंबाखू, दारू असे रकाने असतात. मला चौकशीची सवय आहे व घरचे त्यावरून माझी चेष्टा करतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये मी माहेरचा फॉर्म भरत होते. मुकेशने तेव्हा उंबरगावच्या कारखान्यातली नोकरी सोडून चार महिने झाले होते. तो पडवीत बसून मोबाईलवर पत्ते खेळत होता. मी विचारले, "धंद्यात काय लिहू?" तो म्हणाला, "हेच लिव ना, बाय." मी म्हणाले, "पत्ते हा काय धंदा झाला?" तो हसला व पुन्हा मोबाईलमध्ये बघू लागला. मला राग आला. धंद्याचा रकाना मी कोरा ठेवला आणि शेऱ्याच्या रकान्यात 'पत्त्यांचे व्यसन' असे लिहिले. असे लिहायला फॉर्ममध्ये सांगितलेले नव्हते.

पुढे व्यसनमुक्ती समितीने रजिस्टर मागून घेतले. समितीने माझ्या दोन शब्दांऐवजी 'जुगारी' हा एकच शब्द केला. ग्रामसभेत यादी मोठ्याने वाचली गेली तेव्हा आई पुढच्या ओळीत बसलेली होती. ती उठून घरी गेली. मुकेश शेवटपर्यंत बसून राहिला. नोंद कोणी केली हे त्याने मला आजपर्यंत विचारलेले नाही. माझे अक्षर तो ओळखतो, त्याला मुळाक्षरे मीच गिरवायला शिकवली.

त्यानंतर हा नक्की करतो काय, हे बघायचे मी मनावर घेतले. खरे सांगायचे तर नोंद बरोबर ठरावी अशीच माझी इच्छा होती. व्यसनाच्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितले होते की व्यसनी माणसाला थांबता येत नाही. २०२३ मध्ये डहाणूला आईच्या गर्भाशयाचे ऑपरेशन झाले. त्या वेळी मुकेश दोन महिने एकही डाव खेळला नाही. आईचे कपडे धुणे, पेज करणे हे त्यानेच केले, कारण माझी तेव्हा लसीकरणाची मोहीम चालू होती. हे मी कोठेही नोंदवले नाही. त्यासाठी रकाना नव्हता.

गेल्या वर्षी मोबाईलवरचे पैशाचे खेळ सरकारने बंद केले. तेव्हा पाड्यात सगळे म्हणाले की आता हा भाताच्या निंदणीला येईल. तो आलाही. निंदणीपुरता राहिला आणि नंतर गोव्याला गेला, तेथे टेबलावर समोरासमोर खेळतात. पहिल्या तीन खेपांना तो हरून आला. तसे त्याने आईला व मला येऊन सांगितले. चौथ्या खेपेला दोनशे माणसांत नववा आला. हे सांगताना त्याचा आवाज सारखाच होता, याचे मला नवल वाटले.

मी त्याला म्हटले, मला शिकव. मग गेल्या नोव्हेंबरमध्ये नऊ दिवस, माझी फेरी संपल्यावर दुपारी तीन ते पाच, आम्ही माझ्या घरी खेळलो. मी, मुकेश, माझे पती आणि आमचा रघ्या मामा असे चौघे होतो. पैसे नव्हते, चिंचोके होते. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि मध्ये पाच पत्ते एकेक करून उघडतात. रघ्या मामा विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेत तीन पत्ती खेळतो हे सर्वांना माहीत आहे. त्यालाही मी त्याच यादीत घातलेले आहे आणि ती नोंद मला आजही बरोबर वाटते.

मी शंभर डावांची नोंद रेघा मारून ठेवली. चार उभ्या, पाचवी आडवी. रघ्या मामाने शंभरपैकी शहाण्णव डाव खेळले. बाकीचे चार डाव त्याने तंबाखू मळण्यासाठी सोडले. मुकेशने एकोणीस खेळले आणि एक्याऐंशी वेळा पत्ते पालथे ठेवून गप्प बसला. मी विचारले, "मग खेळतोस कधी?" तो म्हणाला, "हाच तर खेळ हाय बाय. मामाला पत्ते टाकवत नाय, तेवढाच फरक." मामा म्हणाला, "हातात आलेलं कशाला टाकायचं? देवीनं दिलंय." पाचव्या दिवशी मामाकडे एकही चिंचोका उरला नाही. त्याने माझ्या मडक्यातले आणखी चिंचोके मागितले.

मुकेशकडे एक वही आहे. ती मी त्याला न विचारता वाचली, हे कबूल करते. त्यात रोजच्या चुका लिहिलेल्या आहेत. जिंकलेल्या दिवशीही चुका आहेत, 'नशिबाने वाचलो' असे लिहून खाली रेघ मारलेली आहे. मी पंधरा वर्षे रजिस्टर भरते, पण स्वतःची चूक त्यात कधी लिहिलेली नाही.

सातव्या दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मुकेश लहानपणी वाडीतले चिकू चोरून आणायचा आणि आईने विचारले की "नाय आणले" म्हणायचा. ते म्हणताना तो एक विशिष्ट गोष्ट करायचा, त्यावरून मला खोटे लगेच कळायचे. हातात काही नसताना मोठा डाव लावायची वेळ आली की तो आजही तेच करतो. मी त्याला सांगितले तेव्हा त्याने हातातले पत्ते खाली ठेवले. मग म्हणाला, "गोव्यात एक म्हातारा मला सारखा पकडत होता. मला कळत नव्हतं कसा." त्याने माझे पाय धरायचे नाटक केले आणि दोघेही खूप हसलो. जानेवारीत तो गोव्याला गेला व प्रवेश जिंकून आला. टेबलावर आता ती सवय जवळजवळ गेली आहे असे तो सांगतो.

ती सवय कोणती, असे साहेबांनी विचारले. ती मी लिहून देणार नाही. जबाब कोणाच्याही हाती पडू शकतो आणि त्याचे पोट त्यावर आहे.

सख्खी बहीण चांगलेच सांगणार, असेही साहेब म्हणाले. त्यावर माझे म्हणणे असे की, ती नोंद केली तेव्हाही मी त्याची सख्खी बहीणच होते.

मला त्याचा धंदा आवडतो असे नाही. त्यात उद्याचा भरवसा नाही आणि त्याचे लग्न जुळत नाही. परंतु मी व्यसनी माणसे रोज बघते आणि तो त्यांच्यातला नाही. जो मला दिसला नाही तो आजार मी रागाच्या भरात लिहिला. ती नोंद अहवालात धरू नये. रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही, म्हणून कोऱ्या राहिलेल्या धंद्याच्या रकान्यात 'पोकर खेळाडू' असे लिहून मी आज सकाळी शेजारी सही व तारीख घातली आहे.

त्यानंतर मी माहेरी गेले. मुकेश पडवीत वही घेऊन बसला होता. मी म्हणाले, "पासपोर्ट नाही मिळाला तर?" तो म्हणाला, "नाय तर नाय. मला काय एवढं वाटत नाय त्याचं. तू नको जाऊ ठाण्यात, बाय."

हे बोलताना त्याने ती गोष्ट केली. म्हणून मी आले.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मराठीत मोठ्याने वाचून दाखवला. नंतर मी स्वतः तो एकदा वाचला, कारण दुसऱ्याच्या हातचे न वाचता मी सही करत नाही. माझ्या सांगण्याप्रमाणेच लिहिलेला आहे, खरा आहे, आणि या वेळी शेऱ्यात काहीही लिहायचे नाही.

सही
सुनिता लाहू धोडी