कमजोरीचा शिरा

हा 'कमजोरी' शब्द एकदाचा गोदावरीत बुडवला पायजे, सांगतो तुम्हाला. शहागडचा दत्ता, माझा शाळेपासूनचा दोस्त, मला म्हणला, "बायकोजवळ गेलो की काहीच होत न्हाई. डॉक्टरकडं संग चल." मंग गेल्तो.

डॉक्टरनं विचारलं, "काय त्रास हाय?"

"कमजोरी," दत्ता म्हणला.

डॉक्टरनं सलाईन लावलं. मी बाटलीकडं बघत बसलो. पुढच्या हप्त्यात गेलो, तर पुन्हा "कमजोरी", पुन्हा सलाईन! माझं डोकंच फिरलं.

"साहेब, ह्याची कमजोरी हातापायात न्हाई, कंबरेखाली हाय!"

डॉक्टरनं कपाळावर हात मारला. "आधी सांगायचं ना, राव!" रक्त तपासलं, तर शुगर लई वाढलेली. म्हणले, "शुगरनं अन् तंबाखूनं नसा खराब होतात, म्हणून हे होतं. लाजायचं काही काम न्हाई. गोड बंद, तंबाखू बंद, शुगरची गोळी चालू. गरज पडली तर ह्याची बी गोळी देऊ."

मला वाटलं, मिटलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो, तर दत्ता ताटभर शिरा हाणून राह्यला!

"वहिनी, हे काय?"

"डॉक्टरनं कमजोरी सांगितली म्हणले ना हे."

मी दत्तावर खेकसलो, "अरे, निदान घरी तरी सरळ बोल! वहिनीला काय कळणार, कसली कमजोरी?"

तर वहिनी पदर सावरत म्हणल्या, "भाऊजी, मला न्हाई कळणार तं कोणाला कळंल? म्हणून तं साखर डबल घातली."